चपटा दिसला म्हणून पापलेट नव्हे



गेल्या पंधरवड्यात मावळातले एक बागाईतदार दापोडीला माझ्याकडे आले. शेततळ्यात 'पापलेट' सोडा, दामदुप्पट होईल, असे सांगून बीजविक्याने त्यांच्याकडे आगाऊ रक्कम मागितली होती. "साहेब, देऊ का पैसे?" मी म्हटले, आधी चहा घ्या, मग मासा ओळखू.

आपण घाटावरची माणसे. समुद्राचा मासा आपल्याकडे बर्फात घालून येतो, आणि चपटा दिसला की आपण त्याला पापलेट म्हणून मोकळे होतो. खरे चपटे मासे वेगळेच. आपल्या किनाऱ्यावर त्यांतली लेपटी आणि भाकस ही नावे ध्यानात ठेवावीत. लेपटी जिभेच्या आकाराची, पातळ; तिचे कातडे सोलून मग ती तळतात. भाकस अंगाने जाड, तोंड मोठे, दात धारदार. चांगला वाढलेला हातभर भरतो. मांस पांढरे, घट्ट, म्हणून खाणारे त्याला मान देतात.

यांची खूण डोळ्यांत आहे. दोन्ही डोळे एकाच अंगाला! अंड्यातून निघालेले पिल्लू इतर माशांसारखेच उभे पोहते, दोन बाजूंना दोन डोळे. पुढे वाढता वाढता एक डोळा सरकत सरकत डोक्यावरून पलीकडच्या बाजूला जातो आणि मासा कुशीवर पडतो. मग जन्मभर त्याचा मुक्काम तळाच्या वाळूत, चिखलात. वरचे अंग मातकट, खालचे पांढरे. लेपटीचे डोळे डाव्या अंगाला असतात. भाकसाचे मात्र कुणाचे डावीकडे, कुणाचे उजवीकडे, आणि सरकलेला डोळा डोक्याच्या काठावरच थांबतो. तो मधूनमधून उभाही पोहतो. ब्रह्मदेवाने काम अर्ध्यावर टाकले की काय, असे वाटावे!

पापलेटाचे तसे नाही. दोन बाजूंना दोन डोळे, पोहणे उभे, अंग तेवढे दोहीकडून चेपलेले. चंदेरी पापलेटाला २०२३ साली महाराष्ट्राचा राज्यमासा ठरवले, पण आहे तो समुद्राचा. लेपटी, भाकस, पापलेट, यांतला एकही आपल्या शेततळ्याच्या गोड्या पाण्यात वाढायचा नाही.

मग तो गृहस्थ विकत काय होता? रूपचंद. हा मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांचा. मासा वाईट नाही, वाढतोही झपाट्याने. पण पापलेटाचा भाव धरून हिशेब मांडाल तर फसाल. त्याचे तोंड उघडून पाहा, दाढांसारखे दात दिसतील. पाठीवर शेपटीजवळ एक बारका मांसल पर असतो. पोटाखालीही परांची जोडी असते, ती मोठ्या पापलेटाला नसते. शिवाय रूपचंदाला थंडी सोसत नाही, आणि मावळातला पौष तुम्हाला ठाऊक आहेच. तळे ओढ्याकाठी असेल तर हा परका मासा सोडूच नका. पावसाळ्यात सांडव्यावाटे निघाला की ओढ्यातून थेट नदीत. त्यापेक्षा कटला, रोहू, मृगळ आपल्या ओळखीचे.

पाव्हण्यांनी आगाऊ रक्कम दिली नाही. बीज कुठले घ्यावे हे मत्स्यव्यवसाय खात्याच्या जिल्हा कार्यालयात विचारून ठरवतो म्हणाले. उंबरठ्यावर पुन्हा थांबले आणि विचारले, "साहेब, ती लेपटी आपल्याकडे बाजारात मिळते का हो?"

मी म्हटले, मिळाली तर आधी डोळे मोजा.