गाणे आमचे, मालकी कोणाची?

"मुलगा रॅप म्हणतो, त्याचे काय करावे?" हा प्रश्न आज आमच्या पुष्कळ घरांत विचारला जात आहे. वडिलांना वाटते, हा परदेशी गोंगाट आहे, यात पोराचे आयुष्य फुकट जाईल. शेजारचा कार्यकर्ता म्हणतो, गाणे ही समाजाची सेवा होय, तिचा मोबदला मागणे शोभत नाही. मित्र सांगतात, एखादी लहानशी ध्वनिमुद्रण संस्था पुढे आली आहे ना, मग फार विचार न करता सही कर. आमचे स्पष्ट मत आहे की, हे तिन्ही सल्ले चुकीचे आहेत. आणि त्यांपैकी शेवटचे दोन तर घातक आहेत.

पहिला आक्षेप थोडक्यात निकालात काढता येतो. रॅपचा जन्म १९७०च्या दशकात न्यूयॉर्कमधील ब्रॉन्क्स भागात, काळ्या आणि पोर्टोरिकन तरुणांच्या गरीब वस्त्यांत झाला. ज्यांना रंगमंच मिळत नव्हता, त्यांनी चौकालाच रंगमंच केले. तालावर बोलून लोकांना जागे करावयाचे, ही गोष्ट आम्हांस नवी आहे काय? सत्यशोधकांचे जलसे, १९३०च्या दशकातील भीमराव कर्डकांचा आंबेडकरी जलसा, पुढे वामनदादांची खेडोपाडी पोहोचलेली गाणी, या सर्वांनी दुसरे काय केले? छापखाना परदेशी म्हणून बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढावयाचे टाळले नाही. साधन कोठून आले हा प्रश्न गौण आहे. साधन कोणाच्या हाती आहे, हाच खरा प्रश्न आहे.

तो प्रश्न समजून घेण्यासाठी तामिळनाडूकडे पाहू. तेथील अरिवु हा कवी व रॅपर आज देशभर ठाऊक आहे. २०१७ साली चित्रपट-दिग्दर्शक पा. रंजित आणि 'मद्रास रेकॉर्ड्स' या लहान स्वतंत्र संस्थेचे संगीतकार तेन्मा यांनी 'द कास्टलेस कलेक्टिव्ह' हा गायकवादकांचा संघ उभा केला. त्यात अरिवु होता. संघाचे नाव पंडित अयोथीदास यांच्या 'जातिभेदरहित तामिळ' या संकल्पनेवरून घेतले आहे. १८९८ साली बौद्ध धम्म स्वीकारून शाक्य बौद्ध संघ स्थापन करणारे आणि १९०७ साली स्वतःचे वृत्तपत्र काढणारे ते हेच अयोथीदास. २०१९ साली अरिवुने ऑफरो या संगीतकाराबरोबर 'तेरुकुरल' हा गीतसंच काढला. त्याच्यामागे कोणतीही बलाढ्य कंपनी नव्हती.

मग ७ मार्च २०२१ रोजी 'एन्जॉय एन्जामी' हे गाणे प्रसिद्ध झाले. शब्द अरिवुचे, गायन धी आणि अरिवु यांचे, संगीत संतोष नारायणन यांचे, आणि प्रकाशन 'माज्जा' या नव्या स्वतंत्र संस्थेचे. गाण्याचे बीज अरिवुच्या आजीच्या, वळ्ळियम्मालच्या आयुष्यात आहे. श्रीलंकेच्या चहामळ्यांत राबलेल्या भूमिहीन मजुरांपैकी ती एक. १९६४च्या शास्त्री-सिरिमावो कराराने अशा ५,२५,००० माणसांची वाटणी भारताकडे करण्यात आली. पिढ्यान्‌पिढ्या ज्या मळ्यांत घाम गाळला, त्यांतली वीतभर जमीनही त्यांच्या नावे झाली नव्हती. हे गाणे कोट्यवधी वेळा ऐकले गेले. पण पुढे काय घडले?

ऑगस्ट २०२१ मध्ये एका प्रतिष्ठित संगीत-मासिकाच्या भारतीय आवृत्तीने या गाण्याचा गौरव करणारे मुखपृष्ठ छापले. त्यावर अरिवु नव्हता. ज्याचे शब्द, तोच चित्राबाहेर! रंजित यांनी उघड निषेध केला, गदारोळ झाला, आणि नंतर त्या मासिकाने अरिवुचे निराळे मुखपृष्ठ संगणकीय आवृत्तीत काढले. २८ जुलै २०२२ रोजी चेन्नईत बुद्धिबळ ऑलिंपियाडचे उद्घाटन झाले. तेथेही हे गाणे अरिवुविना सादर झाले. तो त्या वेळी परदेशी होता. त्यानंतर त्याने जाहीरपणे सांगितले की, या गाण्याची घडण, शब्द आणि गायन यांत आपले रात्रंदिवसाचे कष्ट आहेत. संगीत-रचना आपली आहे, असे संतोष नारायणन यांनी उत्तर दिले. उत्पन्न आणि हक्क तिघांत समान वाटलेले आहेत, असेही त्यांनी सांगितले. मात्र मार्च २०२४ मध्ये त्यांनीच उघड तक्रार केली की, तीन वर्षांत या गाण्याच्या उत्पन्नातून आपणा कोणासही संस्थेकडून एक पैसा मिळालेला नाही.

त्या व्यवहाराचा निवाडा करणे हे आमचे काम नव्हे. पण त्यातला धडा घेणे हे आमचे काम निश्चित आहे. शून्याचे तीन समान वाटे केले तरी प्रत्येकाच्या हाती शून्यच येते! नाव गेले की मोबदल्याची वाट बुजते, आणि हिशेब दुसऱ्याच्या कपाटात राहिला की वाट्याला अर्थ उरत नाही.

येथे कोणी म्हणेल, मोठ्या कंपन्या लुटारू असतात, लहान संस्था आपल्या असतात. हा भाबडेपणा सोडला पाहिजे. संस्था लहान आहे एवढ्याने ती न्यायी ठरत नाही. गावही लहानच होते, आणि गावाने आम्हांस वतन दिले होते! त्या वतनाचे स्वरूप काय होते? रात्री-अपरात्री बोलावणे येई. कामाला अंत नसे, मजुरीला ठराव नसे, आणि बलुते मिळणे धन्याच्या मर्जीवर अवलंबून असे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, तेव्हा आपल्यांतीलही काही माणसे 'वतन' या शब्दाच्या मोहात अडकलेली होती. आज 'संधी', 'प्रसिद्धी' आणि 'आपुलकी' हे शब्द तोच मोह घालीत आहेत. लेखी ठरावाशिवाय, हिशेबाशिवाय, केवळ शब्दावर गाणे देऊन टाकणे म्हणजे नव्या काळातील वतनदारी होय. ती गोड आवाजात मागितली जाते, एवढाच काय तो फरक!

आणि सेवेचा उपदेश करणाऱ्यांना आम्ही विचारतो, तुमच्या सभेच्या मंडपवाल्याला तुम्ही पैसे देता ना? ध्वनिक्षेपकवाल्याला देता ना? मग ज्याच्या शब्दांसाठी माणसे जमतात, त्याच्याच वेळी तुम्हांला त्यागाची आठवण का होते? आमच्या कित्येक गायकांची गाणी घराघरांत वाजली, ध्वनिफितींवर विकली गेली, आणि गाणाऱ्याचे घर गळतच राहिले. याला सेवा म्हणावयाचे नसते. ती वेठ असते.

उपाय आहे, आणि तो कायद्यात आहे. आपली मुले हे पाठ करोत. एका गाण्यात दोन मालमत्ता असतात. शब्द आणि चाल ही एक. आणि ध्वनिमुद्रण, ज्याला या धंद्यात 'मास्टर' म्हणतात, ती दुसरी. कायदा ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणून निर्मात्याला ओळखतो. म्हणून मुद्रणाचा खर्च कोण करतो आणि निर्माता म्हणून कोणाचे नाव लागते, हे पहिल्या दिवशीच ठरले पाहिजे. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्काचे हस्तांतर लेखी आणि सहीनिशी असल्याखेरीज वैध नाही. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. २०१२च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांना रॉयल्टीच्या समान वाट्याचा हक्क दिला आहे. तो आपले वारस किंवा कॉपीराइट सोसायटी यांखेरीज कोणालाही देऊन टाकता येत नाही. म्हणून 'सर्व हक्क कायमचे, साऱ्या जगासाठी' असा मजकूर दिसला की लेखणी खाली ठेवावी आणि जाणत्या वकिलाकडे जावे. गीतकाराने १९६९ साली स्थापन झालेल्या इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचे सभासद व्हावे. करारात हिशेब पाहण्याचा अधिकार आणि तो देण्याची तारीख लिहून घ्यावी.

लहान संस्थेशी संबंधच ठेवू नये, असे आमचे म्हणणे नाही. उलट, तीच वाट योग्य ठरू शकते. पण तेथे नोकर म्हणून नव्हे, भागीदार म्हणून जावे. अमेरिकेतील कॅन्सस सिटीच्या टेक नाइन या काळ्या रॅपरने १९९९ साली ट्रॅव्हिस ओग्विन या व्यापाऱ्याबरोबर 'स्ट्रेंज म्युझिक' ही संस्था काढली, आणि तो स्वतः तिचा भागीदार झाला. गावोगाव फिरून, समोरासमोर श्रोता जोडून त्यांनी ती वाढविली. २०११ साली त्याचा गीतसंच अमेरिकेच्या विक्रीयादीत चौथ्या क्रमांकावर दाखल झाला. संस्था लहान होती, पण तिच्या दाराची एक किल्ली गाणाऱ्याच्या खिशात होती.

बाबासाहेबांनी पत्रे काढली आणि छापखानाही उभारला. दुसऱ्याच्या छापखान्यातून आपला आवाज फार काळ निघत नाही, हे त्यांना पुरते ठाऊक होते. तोच न्याय ध्वनिमुद्रणाला लागू आहे. म्हणून मातापित्यांनो, मुलाला गाण्यापासून अडवू नका. त्याला करार वाचावयास शिकवा. आणि मुला, तुझ्या आजीचे दुःख तू गातोस, तर त्या दुःखाचे सातबारा दुसऱ्याच्या नावे करून देऊ नकोस. तिला जमीन मिळाली नाही. निदान तिचे गाणे तरी तिच्या नातवाच्या मालकीचे राहू दे!