बोट इथे, बाण तिथे

दिवाळीच्या साफसफाईत घराघरांतली अडगळ बाहेर निघते. पितळेची भांडी घासूनपुसून पुन्हा फळीवर जातात, मोडके पंखे भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढतात, आणि अलीकडे या मिरवणुकीत लॅपटॉपही सामील झाले आहेत. २०२५ साली ऐन दिवाळीच्या तोंडावर, १४ ऑक्टोबरला, मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबविली. वर्षभराच्या वाढीव मुदतीची सोय ठेवली होती, हे खरे. परंतु पुढच्या विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि पुरेसा नवा प्रोसेसर लागतो. ज्यांच्यापाशी हे नाही, अशी धडधाकट यंत्रे एका रात्रीत म्हातारी ठरली.

आमची वाडी म्हणजे नागपूरच्या पश्चिमेला, अमरावती रस्त्यावर वसलेले ट्रकांचे आणि गोदामांचे गाव. इथल्या ट्रान्सपोर्टच्या एका ऑफिसातला असाच एक ‘म्हातारा’ मालकाने आपल्या हिशेबनिसांना देऊन टाकला. पडद्याला बोट लावून चालणारा, बिजागरीवर पार मागे वळून उभा राहणारा! हिशेबनिसांची मुलगी बारावीत. नवा लॅपटॉप घ्यावयाचा, तर तिच्या शिकवणीच्या फीला कात्री लावावी लागली असती. तेव्हा हा चालला तर शिक्षणाला उपयोगी, न चालला तर भंगार, असा सरळ हिशेब होता.

मुलीने लिनक्स घालावयाचे ठरविले. १९९१ साली हेलसिंकीच्या विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरव्हाल्ड्स या तरुणाने ज्याची सुरुवात केली, तेच हे लिनक्स. ते फुकट मिळते, एवढेच लोक सांगतात. त्याहून मोठी गोष्ट अशी की, त्याची घडण उघडी असते. कोणीही ती वाचावी, दुरुस्त करावी आणि ती दुरुस्ती दुसऱ्याला द्यावी.

तिची पहिली पायरी मोठी शहाणपणाची होती, म्हणून वाचकांना मुद्दाम सांगतो. तिने जुने काहीही पुसले नाही. पेनड्राइव्हवर लिनक्स उतरवून त्यावरूनच यंत्र चालू केले आणि एकेक भाग तपासला: बोटाचा स्पर्श, आवाज, वाय-फाय, कॅमेरा आणि झोपवून उठविल्यावर पडदा पुन्हा बोट ओळखतो की नाही ते. सारे पटल्यावर वडिलांच्या फायलींची नक्कल काढली, आणि मगच ते कायमचे बसविले.

स्पर्श पहिल्याच झटक्यात चालला. आता यातली मौज पाहा. आमच्या गावात ड्रायव्हर म्हटले की ट्रकवाला डोळ्यांपुढे येतो. संगणकात मात्र एकेका भागाला हाकणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमला ड्रायव्हर म्हणतात. पूर्वी स्पर्शपडद्यांच्या कारखानदारांची भाषा एकमेकांशी जुळत नसे. २०१२ साली विंडोज ८ आले, तेव्हा मायक्रोसॉफ्टने पडदेवाल्यांना एक ठरावीक बोली लावून दिली. तीच बोली समजणारा एक सामाईक ड्रायव्हर लिनक्समध्येही आहे. म्हणजे रस्ता बांधला एकाने, आणि त्यावरून गाडी दुसऱ्याचीही धावली!

पण घोडे पुढे अडले. लॅपटॉप तंबूसारखा उभा केला, चित्र उलटे फिरविले, आणि हिशेबनीस ओरडले, “पाहा भाऊ, बोट इथं ठेवतो तं बाण तिथं पळते!”

कारण सोपे आहे. पडदा दाखविणारा एक आणि बोट ओळखणारा दुसरा. पहिल्याला ‘फिर’ म्हटले, दुसऱ्याला कोणी सांगितलेच नाही. आजकालच्या वेलँड पद्धतीवर चालणाऱ्या ग्नोमसारख्या मांडणीत हा निरोप बहुधा आपोआप पोहोचतो. पण जुने यंत्र म्हणून मुलीने हलकी मांडणी निवडली होती, आणि ती जुन्या एक्स पद्धतीची. तिथे नऊ आकड्यांचे एक मॅट्रिक्स हाताने द्यावे लागते. बारावीच्या गणितात मॅट्रिक्स शिकलेल्या मुलीला आणखी काय हवे? वरचा डावा कोपरा शून्य, उलट टोकाचा कोपरा एक. चित्र उलटे झाले की बोटाची जागा एकातून वजा करावयाची, आडवीही आणि उभीही. तेव्हा पहिली ओळ वजा एक, शून्य, एक. दुसरी शून्य, वजा एक, एक. तिसरी शून्य, शून्य, एक. चित्र फिरविणारी आणि बोट फिरविणारी अशा दोन्ही आज्ञा तिने एका फाइलीत बांधून टाकल्या. बाण बोटाखाली आला.

एक गाठ राहिली होती. लॅपटॉप कसा धरला आहे, हे ओळखणारा एक सेन्सर आत असतो. कारखान्यात तो कधी आडवा, कधी उलटा बसवितात; मग यंत्र आडव्याला उभे समजते. त्यावर उपाय म्हणजे लिनक्सबरोबर येणारी एक यादी. कोणत्या मॉडेलमध्ये सेन्सर कसा बसविला आहे, ते तीत लिहिलेले असते, आणि त्या ओळी बव्हंशी ज्यांच्या हातात तसे यंत्र होते त्यांनीच कळविलेल्या आहेत. या मॉडेलची ओळ यादीत आधीच होती. कोण्या परक्या माणसाने ती लिहिली, आणि वाडीतल्या मुलीचे काम अडले नाही. ना ओळख, ना पाळख!

आमच्याकडे वैशाखात रस्त्याकडेला पाणपोया लागतात. रांजण भरणारा पिणाऱ्याचे नाव विचारीत नाही. पण सगळेच पिऊ लागले आणि भरणारा कोणी उरला नाही, तर रांजण किती दिवस टिकेल? मुलीला हे कोणी शिकविले नव्हते. तिने आपण होऊन मॉडेलचे नाव, लिनक्सची आवृत्ती, काय चालले, काय चालले नाही आणि ते नऊ आकडे असे सारे नीट लिहून, ती मांडणी तयार करणाऱ्यांकडे पाठवून दिले. बोटाच्या ठशाने कुलूप उघडणारा भाग चालत नाही, हेही तिने लपविले नाही. पुढच्याची फसगत होऊ नये, म्हणून!

वाचकहो, तुमच्या घरातल्या ‘म्हाताऱ्या’ला भंगारात घालण्यापूर्वी एक पेनड्राइव्ह लावून पाहा. चालला तर उत्तमच. आणि अडलेली गाठ तुम्ही सोडविलीत, तर ती कशी सुटली, ते चार ओळींत लिहून पाठवा. तसलेच यंत्र पुढ्यात घेऊन कोणीतरी, कुठेतरी, त्याच गाठीशी झगडत बसलेले असेल.