शब्दाला जामीन कोण?

बँकेतल्या चौतीस वर्षांच्या नोकरीत मी तोंडी शब्दावर कुणालाही दमडी कर्जाऊ दिली नाही. सख्खा मेहुणा आला, तेव्हा त्यालाही म्हणालो, “जामीनदार आण.” पुढे वर्षभर तो आमच्या घरी जेवायला आला नाही. आणि हाच मी, निवृत्तीनंतर गावच्या वाचनालयाचा खजिनदार झालो, तेव्हा दीड लाख रुपये निव्वळ एका वाक्यावर जमा धरून बसलो.

वाक्य होते, “तुम्ही कामाला लागा, पैशाचे मी बघतो.” बोलणारे गृहस्थ तालेवार व्यापारी. ते आमच्या व्याख्यानमालेचे प्रायोजक झाले. कमानीवर त्यांच्या दुकानाचे नाव, पत्रिकेवर नाव, व्यासपीठामागे भलामोठा फलक. पाच दिवस सभागृह भरले. मग हिशेबाची वेळ आली आणि हाती आले पन्नास हजार. बाकीचे लाख रुपये “फलकावर आणखी दोन दुकाने कशी?” या प्रश्नात अडकले. त्यांची समजूत अशी, की फलक त्यांचा एकट्याचा. आमची अशी, की मोठी अक्षरे त्यांची आणि लहान अक्षरांत इतर. खोटे कुणीच बोलत नव्हते. लिहिलेले मात्र काहीच नव्हते. अखेर मंडपवाल्याचे आणि छापखान्याचे बिल भागवायला, मुलांच्या अभ्यासिकेसाठी ठेवलेल्या रकमेतून ठराव करून उसने घ्यावे लागले. अभ्यासिका दोन वर्षे लांबली. घरी एकच खोली असलेली दहावीची मुले त्या दोन वर्षांत देवळाच्या ओवरीत अभ्यास करताना दिसली, की मी रस्ता बदलत असे.

आपल्याकडच्या संस्था वर्गणीवर उभ्या राहिल्या. अंताजी दामोदर काळे यांनी एकेक पैसा मागून पैसा फंड उभारला आणि त्यातून तळेगावचा काचकारखाना निघाला. पैसा देणाऱ्याला कमान नको होती. आता दात्याच्या जागी प्रायोजक आला आहे. त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. दाता देतो, प्रायोजक देतो आणि त्या बदल्यात प्रसिद्धी घेतो. पण मग हा व्यवहार झाला, आणि व्यवहाराला कागद लागतो, हे मान्य करायला आपण लाजतो.

कायद्याने हा फरक फार पूर्वी ओळखला आहे. १८७२ च्या करार कायद्यानुसार मोबदल्यावाचून दिलेले वचन सहसा वसूल करता येत नाही. हावडा येथे टाऊन हॉलसाठी वर्गणीची यादी फिरली; एका गृहस्थांनी शंभर रुपये मांडले आणि पुढे हात वर केले. कलकत्ता उच्च न्यायालयाने १८८६ मध्ये त्यांना ते द्यायला लावले. कारण, त्या यादीच्या भरवशावर कंत्राटदाराशी करार झाला होता आणि हे देणाऱ्यालाही ठाऊक होते. उलट १९१४ साली अलाहाबाद उच्च न्यायालयापुढे मशिदीच्या दुरुस्तीसाठी कबूल केलेल्या पाचशे रुपयांचे प्रकरण आले. तिथे काम सुरूच झाले नव्हते. दावा फेटाळला गेला. तुमच्या शब्दावर विसंबून कुणी पाऊल उचलले का, हा खरा प्रश्न.

प्रायोजकाच्या बाबतीत तर मोबदला उघड असतो. तोंडी करारही कायद्याला चालतो. म्हणजे आमचे व्यापारी बांधलेले होतेच. पण कशाला बांधलेले, हे कोर्टात सिद्ध कसे करायचे?

करांनीही हा फरक आता टोकदार केला आहे. ऑक्टोबर २०१९ च्या जीएसटी परिपत्रकाने स्पष्ट केले, की ‘वडिलांच्या स्मरणार्थ अमुक यांजकडून’ अशी कृतज्ञतेची पाटी लावली तर देणगीवर जीएसटी नाही. पाटी धंद्याची जाहिरात करू लागली, की ती देणगी उरत नाही. मोठ्या कंपन्यांना २०१३ च्या कायद्याने नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायला लावले. पण २०२१ मध्ये सुधारलेल्या नियमांनुसार आपल्या मालाच्या जाहिरातीसाठी केलेले प्रायोजन त्या दोन टक्क्यांत धरता येत नाही. पावती देणगीची आणि कमान जाहिरातीची, अशी दुहेरी मागणी करणारे भेटतात. तेव्हा खजिनदाराने नम्रपणे मान हलवावी, आडवी.

मग कागदावर काय लिहावे? रक्कम किती आणि कोणत्या तारखेला. निदान पहिला हप्ता कार्यक्रमाआधी. नाव कुठे, केवढ्या अक्षरांत, एकट्याचे की इतरांसह. कार्यक्रम रद्द झाला तर पैशाचे काय. २०२० च्या साथीने हा प्रश्न अनेक संस्थांच्या दारात आणून उभा केला. संस्थेचे नाव त्यांच्या मालावर छापता येईल का. दालनाला नाव दिले तर किती वर्षांसाठी, आणि उद्या त्या नावाला बट्टा लागला तर पाटी उतरवता येईल का. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, वक्ते कोण आणि ते काय बोलणार हे संस्था ठरवील, प्रायोजक नाही. हे कलम नसेल, तर कमानीबरोबर व्यासपीठही विकले गेले समजा. खाली विश्वस्तांच्या ठरावाचा उल्लेख आणि दोन्हीकडच्या सह्या. दोन पाने पुरतात.

“देणाऱ्याकडून सही घ्यायची? हा अपमान नव्हे का?” असे आमच्या कार्यकारिणीतल्या एका ज्येष्ठांनी विचारले. त्यांची पिढी शब्दाला जागणारी होती, हे मी पाहिले आहे. पण बँकेत मी आणखी एक पाहिले. सर्वांत कडू भांडणे अनोळखी माणसांत होत नाहीत. ‘आपल्यात लिहायचे काय’ म्हणणाऱ्यांत होतात. माणसे विसरतात, मरतात, गादीवर मुलगा येतो. कागद हा अविश्वासाचा नव्हे, आठवणीचा. आमचे आणि त्या व्यापाऱ्यांचे बोलणे आजही बंद आहे. लाख रुपयांपेक्षा मला तेच अधिक लागते.

अभ्यासिका आता सुरू आहे. गेल्या वर्षीच्या व्याख्यानमालेला प्रायोजक मिळाला, तो माझा मेहुणाच. मी दोन पाने पुढे ठेवली. चष्मा लावून त्याने प्रत्येक कलम वाचले, सही केली आणि म्हणाला, “भावोजी, जामीनदार नको ना?” त्या रात्री तो आमच्याकडेच जेवला.