पैसा ठेवावा कोठे?

वाचकहो, दिवाळी आली म्हणजे माझ्या टेबलावरचा पत्रांचा ढीग वाढतो. यंदा भंडारा जिल्ह्यातील तीन पत्रे उत्तरासाठी घेतली आहेत. तिन्ही घरांपुढे प्रश्न एकच: हाती आलेला पैसा ठेवावा कोठे?

भंडाऱ्याचे एक निवृत्त शिक्षक विचारतात : येथील एक पतसंस्था बँकेपेक्षा दोन टक्के अधिक व्याज देते. बारा लाख तेथे ठेवू का?

गुरुजी, पितळेचा गुंड घेताना आपण आधी टिचकी मारून पाहतो, मग भाव विचारतो. ठेवीचेही तसेच करा. आधी विमा विचारा, मग व्याज. १९६० साली अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळातील पलाई सेंट्रल बँक बुडाली. त्या धक्क्यातून ठेवविम्याचा कायदा झाला. १ जानेवारी १९६२ पासून ठेवीदाराला १,५०० रुपयांपर्यंत संरक्षण मिळाले. ४ फेब्रुवारी २०२० पासून ते पाच लाखांपर्यंत आहे. व्यापारी व सहकारी बँकांतील ठेवींना हा विमा असतो, पतसंस्थेतील ठेवींना नसतो. तेथील संचालक सज्जन असतील. पण सज्जनपणा म्हणजे विमा नव्हे. वर्षाकाठी २४,००० रुपये अधिक मिळावेत म्हणून बारा लाख उघड्यावर ठेवणे मला पटत नाही.

तुमसरच्या एक भगिनी लिहितात : एकाच बँकेच्या दोन शाखांत पैसे ठेवले, तर विमा दुप्पट होईल ना?

नाही, ताई. एका बँकेच्या सर्व शाखांतील आपल्या नावाची रक्कम एकत्र धरतात, तीही व्याजासकट. बँका मात्र निरनिराळ्या असाव्यात. बारा लाखांचे चार-चार लाखांचे तीन भाग केले, तर व्याजालाही जागा उरते. पोस्टातील बचतीला केंद्र सरकारची हमी असते, हेही ध्यानात ठेवा.

साकोलीचे एक तरुण विचारतात : धानाचे पैसे आले आहेत. एक गृहस्थ तीन वर्षांत दामदुप्पट देतो म्हणतात. द्यावेत का?

बाळ, बहात्तरला वर्षांच्या संख्येने भागावे, म्हणजे व्याजाचा दर अंदाजे कळतो. तीन वर्षांत दुप्पट म्हणजे दरसाल पंचवीस टक्क्यांच्या आसपास चक्रवाढ व्याज! आठ टक्क्यांनी रक्कम दुप्पट व्हायला नऊ वर्षे लागतात. हे गृहस्थ एवढे कमावणार कशातून? ते पटेल असे सांगता येत नसेल, तर नमस्कार करून निरोप द्यावा. वडिलांनी रोवणीपासून मळणीपर्यंत चिखलात उभे राहून मिळवलेला पैसा आहे तो.

आता सर्वांनाच एक विनंती. पाडव्याला घरच्या मंडळींसह बसा आणि सर्व ठेवींची यादी एका वहीत लिहा. प्रत्येक ठेवीवर वारसाचे नाव नोंदवले आहे ना, ते पाहा. पुष्कळ घरांत पैसा असतो, पण तो कोठे आहे हे एकट्या कर्त्या पुरुषालाच ठाऊक असते.