केबल काढल्यावर मोटर थांबते का?

भोसरी किंवा हडपसरच्या शेडमध्ये तयार होणारे एसपीएम चाकणला कोणाकडे जाणार, यावर त्याचे नेटवर्क ठरते. युरोपीय ग्राहक बहुधा प्रोफिनेट मागतो, अमेरिकी ग्राहक इथरनेट/आयपी. आतला ड्राइव्ह मात्र किमतीच्या हिशोबाने मॉडबस आरटीयूवरच असतो. मॉडिकॉनने १९७९ साली आणलेला हा प्रोटोकॉल आपल्या पॅनेलांतून अजून हललेला नाही. मग मध्ये गेटवे बसतो, आणि त्याचे कमांड टेबल डिस्पॅचच्या गडबडीत सर्वांत नवख्या इंजिनिअरच्या गळ्यात पडते. हे थांबायला हवे, कारण मोटर कधी थांबणार ते त्या टेबलात ठरते.

पत्त्यांचा घोळ आपल्याला ठाऊक आहे. डेल्टाच्या अनेक ड्राइव्हमध्ये कंट्रोल वर्ड २०००एच वर आणि फ्रिक्वेन्सी २००१एच वर असते. २०००एच म्हणजे दशमानात ८१९२. तिथे एकाने चुकून ८१९३ टाकले, तर ‘फॉरवर्ड रन’साठी पाठवलेले १८ फ्रिक्वेन्सीत जाऊन बसतात, म्हणजे ०.१८ हर्ट्झ. ही चूक निदान ट्रायललाच उघडी पडते.

वेळेची चूक तशी दिसत नाही. ९६०० बॉडवर चार रजिस्टर वाचायला, ड्राइव्हच्या उत्तराचा वेळ धरून, साधारण ४० मिलिसेकंद लागतात. आठ ड्राइव्ह आणि प्रत्येकी तीन कमांड असतील तर एका फेरीला जवळपास एक सेकंद. त्यातला एक ड्राइव्ह देखभालीसाठी बंद केला, टाइमआउट एक सेकंद आणि रिट्राय तीन ठेवले असतील, तर त्याच्या प्रत्येक कमांडमागे चार सेकंद वाया जातात आणि उरलेल्या सात ड्राइव्हचा स्टॉप रांगेत उभा राहतो. म्हणून लागून असलेले कंट्रोल वर्ड आणि फ्रिक्वेन्सी फंक्शन १६ ने एकत्र लिहा, नुसते बघायचे आकडे सावकाश वाचा आणि उत्तर न देणाऱ्या ड्राइव्हला काही काळ वगळण्याची सोय गेटवेत असेल तर ती चालू करा.

खरी काळजी पुढे आहे. गेटवेमुळे एका दुव्याचे दोन दुवे होतात, आणि ड्राइव्हला त्यातला एकच दिसतो. पीएलसीकडची इथरनेट केबल निसटली तरी गेटवे आरटीयूवर वाचत राहतो, शेवटचा रन पुन्हा पुन्हा लिहीत राहतो. ड्राइव्हच्या दृष्टीने संवाद सुरळीत चालू असतो. त्याचा कम्युनिकेशन टाइमआउट लावलेला असला तरी तो कधीच भरत नाही. (अनेक ड्राइव्हमध्ये तो मुळात बंदच येतो, हे वेगळे.) यावर ‘पीएलसी गेला की आउटपुट शून्य करा’ हा पर्याय निवडून बरेच जण निश्चिंत होतात. पण वर सांगितलेल्या कंट्रोल वर्डमध्ये शून्याचा अर्थ ‘काही करू नको’ असा आहे. थांबायला १ लागतो. फ्रिक्वेन्सीही शून्य झाली तर वेग उतरेल, पण ड्राइव्ह रनमध्येच राहील. आमच्या मते पीएलसी तुटताच गेटवेने त्या ड्राइव्हशी बोलणेच बंद करावे, आणि ड्राइव्हमध्ये टाइमआउटवर रॅम्पने थांबण्याची सेटिंग असावी. मग निर्णय मोटरच्या सर्वांत जवळच्या उपकरणाकडे राहतो.

हे कागदावर तपासता येत नाही. ग्राहकाच्या कारखान्याला गुरुवारची सुट्टी असेल तर तेव्हा, नाहीतर आपल्याच शेडमध्ये, बिनलोड मोटर चालू ठेवून आधी इथरनेट केबल काढा, मग आरएस-४८५ ची, मग गेटवेचा सप्लाय. प्रत्येक वेळी मोटर किती सेकंदांत थांबली ते टेबलाच्या छापील प्रतीवर लिहा आणि ती प्रत ड्रॉइंगसोबत पॅनेलमध्ये ठेवा. खरेदी करणाऱ्यांनीही स्वीकृती चाचणीत हे तीन आकडे मागावेत. इमर्जन्सी स्टॉप मात्र या टेबलात कुठेच नको: तो सेफ्टी रिलेतून थेट वायरने एसटीओवर, आणि ड्राइव्हला एसटीओ नसेल तर कॉन्टॅक्टरवर.