नर्सिंगला गेलेल्या लेकीचा वेळ कुणाचा?



लागणीच्या तारखा, बेण्याची निवड, खताचे हप्ते यावर या पानांत नेहमी लिहून येते. आज जरा वेगळा विषय काढतो. आपल्या बोदवड भागात ऊस तसा मोजकाच. ज्याच्या विहिरीला पाणी त्याने लावायचा, बाकीच्यांचा भरवसा कापसावर नि मक्यावर. पाण्याच्या या ओढाताणीतच पुष्कळ सभासदांनी ठरवले की पोरांना, आणि आता पोरींनाही, शिकवून पगाराच्या नोकरीला लावायचे. त्यात नर्सिंगकडे जाणाऱ्या मुली बऱ्याच. कुणी वसतिगृहात राहते, कुणी भुसावळ-जळगावला रोज गाडीने जाऊन-येऊन करते. बाप चारचौघांत अभिमानाने सांगतो, "पोरगी नर्सिंगले आहे." फी भरताना तो मागेपुढे पाहत नाही. वेळप्रसंगी उसाचे बिलही तिकडेच जाते.

माझे म्हणणे असे आहे की आपण फी देतो, पण वेळ देत नाही. आणि हे शिक्षण अडते ते बहुतेक वेळेपायीच.

आपल्यापैकी पुष्कळांचा अजून समज असा की नर्सिंग म्हणजे डॉक्टरच्या मागे ट्रे घेऊन उभे राहणे, त्याला अभ्यास तो काय लागतो? तर हिशेबच मांडू. बी.एस्सी. नर्सिंगचा चार वर्षांचा अभ्यासक्रम २०२१ पासून आठ सत्रांचा झाला. एका सत्रात साधारण २० आठवडे, आणि आठवड्याला वर्ग व वॉर्ड मिळून ४० तास. शेवटच्या सत्रात तर इंटर्नशिप म्हणून आठवड्याला ४८ तास. आता आठवड्याचे एकूण तास १६८. झोपेला रोज सात धरले तर ४९ गेले. कॉलेजचे ४० गेले. जाऊन-येऊन करणारीचे रोज तीन तास प्रवासात धरा, सहा दिवसांचे १८ झाले. आंघोळ, जेवण, कपडे, घरातले हाताखालचे काम याला रोज तीन, म्हणजे २१. राहिले ४०. कागदावर हे चाळीस तास भरपूर दिसतात. विहिरीतले पाणीही हिवाळ्यात भरपूर दिसते.

यातला मोठा वाटा फायली खातात. रोग्याची माहिती, त्याच्या शुश्रूषेचा आराखडा, केलेल्या प्रत्येक कामाची नोंद, आकृत्या, तक्ते, सगळे हाताने लिहून वेळेवर सही घ्यायची. मुलगी रात्री अकरापर्यंत लिहीत बसलेली दिसते आणि घरच्यांना वाटते, काय अभ्यास करते आहे! पण मैत्रिणीची फाईल समोर ठेवून उतरवणे हा अभ्यास नव्हे, ती हमाली आहे. माझे स्पष्ट मत आहे की फायलींना आठवड्यातले ठरलेले दोन-तीन दिवस द्यावेत आणि त्या वेळेपुरतेच त्यांना टेबलावर येऊ द्यावे. एरवी त्या बांधावरच्या हरळीसारख्या आत सरकत येतात.

मग खरा अभ्यास कधी करायचा? इथे आपल्या ओळखीची एक गोष्ट सांगतो. तोडलेला ऊस फडात पडून राहिला की वजन घटते, उतारा घटतो, म्हणून चोवीस तासांच्या आत तो गव्हाणीत पडावा यासाठी आपण ट्रॅक्टरवाल्याशी भांडतो. डोक्यात घेतलेल्या माहितीचेही तसेच आहे. हर्मन एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली ते प्रसिद्ध केले. अर्थ नसलेली अक्षरे तो पाठ करायचा आणि किती वेळाने किती विसरतो ते मोजायचा. त्याला आढळले की विसरणे पहिल्या काही तासांतच सर्वांत जास्त होते, दिवस उलटेपर्यंत निम्म्याहून अधिक गेलेले असते, आणि मग ती गळती मंदावते. म्हणून सकाळी वॉर्डात जे पाहिले त्यावर त्याच संध्याकाळी वीस-पंचवीस मिनिटे घालवली तर ती पुढच्या महिन्यातल्या दोन तासांपेक्षा कामाची. दम्याचा रोगी पाहिला असेल तर त्या रात्री पुस्तकातले दम्याचे पान काढावे, मग क्रमाने काहीही चालू असो. तो खाटेवरचा म्हातारा डोळ्यासमोर असतो तोवर पान वाचले तर ते चिकटते.

दुसरी गोष्ट हप्त्यांची. सुरू उसाला सगळे नत्र लागणीलाच टाकणारा शेतकरी आता कुणी राहिला नसेल. लागणीला थोडे, मग सहा ते आठ आठवड्यांनी, मग बारा ते सोळा आठवड्यांनी आणि उरलेले मोठ्या बांधणीला, असे चार हप्ते आपण पाळतो, कारण एकदम टाकलेले पाण्याबरोबर वाहून जाते. परीक्षेच्या आधल्या आठवड्यात रात्र-रात्र जागून केलेला अभ्यास तसाच वाहून जातो. तोच धडा आज अर्धा तास, चार दिवसांनी पंधरा मिनिटे, पंधरवड्याने दहा मिनिटे असा केला तर एकूण वेळ कमी लागतो आणि टिकतोही जास्त. आणि उजळणी म्हणजे पुन्हा वाचणे नव्हे. पुस्तक मिटायचे, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचे, मग उघडून ताडून पाहायचे. अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर हे तपासले. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारले तेव्हा मिटून आठवणारे पुढे गेले. परीक्षा काही पाच मिनिटांनी नसते, आणि रोगी तर कधी वर्षानेही समोर येतो.

हे मिटून आठवणे गाडीत, एस.टी.त, पाण्याच्या नळापाशी रांगेतही होते. त्याला टेबल लागत नाही. एप्रनच्या खिशात लहान वही असली म्हणजे पुरे.

आपल्या पोरींची आणखी एक अडचण शहरातल्या लोकांच्या ध्यानात येत नाही. शाळा मराठीतून झालेली, आणि इथे पहिल्या दिवसापासून शरीररचना, शरीरक्रिया सगळे इंग्रजीतून. एक पान वाचायला दुसरीला दहा मिनिटे लागतात तिथे आपलीला चाळीस. मग ती पाठ करते, अर्थ न कळता. यावर उपाय आहे. ही लांबलचक नावे जोडकामाची असतात, ती सुटी करायची. 'हायपो' म्हणजे कमी, 'हायपर' म्हणजे जास्त, 'कार्डि' म्हणजे हृदय, 'हेपॅट' म्हणजे यकृत, 'नेफ्र' म्हणजे मूत्रपिंड, शेवटी 'आयटिस' आले की दाह. मग हेपॅटायटिस काय, नेफ्रायटिस काय, न विचारता उलगडतात. पहिल्या सत्रात असे पन्नास-साठ तुकडे पक्के केले तर पुढची साडेतीन वर्षे वाचनाचा वेळ वाचतो. आधी मराठीत समजून घेण्यात काही कमीपणा नाही. उत्तर इंग्रजीत लिहायचे असते, समजायचे कोणत्या भाषेत ते कुणी ठरवून दिलेले नाही.

हा अभ्यास कच्चा राहिला तर काय होते ते एका उदाहरणाने सांगतो, कारण मधुमेह आता आपल्या प्रत्येक वाड्यात आहे. इन्सुलिनच्या बाटलीत एका मिलीलीटरला ४० युनिट असतात, तसे १०० युनिटचेही इन्सुलिन मिळते. दोन्हींच्या सिरिंजवरच्या खुणा वेगळ्या. १०० युनिटच्या बाटलीतले औषध ४० च्या सिरिंजमध्ये दहाच्या खुणेपर्यंत ओढले तर रोग्याच्या अंगात दहाऐवजी पंचवीस युनिट जातात. रक्तातली साखर झपाट्याने उतरते, घाम फुटतो, भान हरपते, वेळेवर ध्यानात आले नाही तर जीवावर बेतते. फवारणीच्या पंपात औषध अडीचपट पडले तर एक वखर पीक जळेल, फार तर. इथे कुणाचा तरी बाप खाटेवर असतो. बाटली वाचायची, सिरिंज वाचायची, मनातल्या मनात गणित करायचे, ही सवय जागरण करून एका रात्रीत लागत नाही. रोज दोन गणिते, वर्षभर, तेव्हा कुठे हात आपोआप थांबतो.

आता रात्रपाळीचे. पाण्याची पाळी रात्रीची आली की आपण काय होतो ते आठवा. कृषिपंपाची वीज अजूनही बऱ्याच ठिकाणी आठवडाभर रात्रीची असते, साप-विंचू सांभाळत बारे धरायचे आणि सकाळी डोके जड. त्या सकाळी कुणी आपल्याला खताचा हिशेब करायला बसवले तर बसू का आपण? मग रात्रपाळी करून आलेल्या पोरीला "आता दिवसभर मोकळीच आहे, घे पुस्तक" असे का म्हणतो? तिने आधी झोपावे. अंधाऱ्या खोलीत, फोन बंद करून, सलग. उठल्यावर तासभर वाचले तरी त्याचा उपयोग होईल. झोपेत वाचलेले पक्के होते हे शास्त्राने मान्य केलेले आहे, तेव्हा झोप ही अभ्यासातच धरायची.

पण घरी काय होते? शेजारीण येते नि म्हणते, "भर दुपारची झोपली काय बाई तुमची पोरगी!" आणि आई ओशाळून तिला उठवते. टोमण्याचे जाऊ द्या. पुण्यात १९०९ साली रमाबाई रानडे यांनी सेवासदन उभे केले आणि तिथल्या बायकांना, त्यांत विधवाही होत्या, ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घ्यायला धाडले, तेव्हाच्या लोकांनी याहून फार वाईट बोलणी ऐकवली. पुढे १९४६ साली भोर समितीचा अहवाल आला तेव्हा देशात ४३ हजार माणसांमागे एक परिचारिका होती. ती बोलणी ऐकून त्या बायका घरी बसल्या असत्या तर तोही आकडा दिसता ना.

हजेरीची गोष्ट तर प्रत्येक सभासदाने समजून घ्यावी. परीक्षेला बसायला प्रत्येक विषयात ८० टक्के हजेरी लागते, कारण कोणतेही असो. आणि वॉर्डातले प्रात्यक्षिक तर पदवी मिळण्याआधी पुरे १०० टक्के भरावे लागते. चुलतभावाच्या हळदीला बोलावले, साखरपुड्याला बोलावले, कापूस वेचायला बाई मिळेना म्हणून चार दिवस थांबवून घेतले, की ते दिवस सुट्टीत भरून द्यावे लागतात. म्हणजे ज्या सुट्टीत ती उजळणी करणार होती तीच सुट्टी गेली. आपल्याला वाटते चार दिवस गेले. तिचे आठ जातात.

आखाजीला लेक घरी यावी, झोका खेळावा, मांडे खावेत, याला माझी काही हरकत नाही. उलट यावीच. पण येतानाच विचारून घ्यावे की पोस्टिंग कुठे आहे, परीक्षा कधी आहे. बायामाणसांनी तिला सकाळचे दोन तास सोडावेत. त्या दोन तासांत चुलीकडून हाक जाऊ नये, पाहुण्यांना पाणी द्यायला बोलावू नये, आणि "माझं बीपी बघ" म्हणून गल्ली गोळा होऊ नये. (हे शेवटचे फार होते. बीपी मोजायला ग्रामीण रुग्णालय आहे.)

वसतिगृहात असेल तर फोनची वेळ ठरवा. बाप मोकळा झाला की फोन लावतो, तेव्हा ती वॉर्डात असते नाहीतर झोपलेली. पोस्टिंगचा तक्ता महिन्याला एकदा तिच्याकडून मागवून घ्यावा आणि तोडणीच्या तारखा, लाईटचे वार जिथे लिहून ठेवता त्याच कॅलेंडरवर तिच्या पाळ्या लिहाव्यात. घरातले सगळे ते कॅलेंडर पाहतात.

काही सभासद म्हणतील, हे सगळे खरे, पण घरची कामे कुणी करायची? कारभारीण एकटी, गोठा आहे, म्हातारी अंथरुणाला आहे. प्रश्न रास्त आहे. मी उलट विचारतो, याच घरातला मुलगा जळगावला इंजिनिअरिंगला असता तर सुट्टीत आल्यावर त्याला भांडी घासायला बसवले असते काय? त्याची परीक्षा आली की घरात टी.व्ही. बंद होतो. बहिणीच्या वेळी तोच भाऊ ओट्यावर मोबाईल घेऊन बसतो आणि आतून चहा मागवतो. तेव्हा या आखाजीला एवढे करून पाहा. तिच्या त्या सकाळच्या दोन तासांत चहा त्याने करायचा, सगळ्यांचा.