चित्राला प्रश्न विचारण्याचा हक्क

पावसाच्या इशाऱ्याचा नकाशा कुणीतरी ग्रुपवर टाकतं. हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल. आपला जिल्हा कोणत्या रंगात आहे, हे डोळस माणसाला क्षणात कळतं. आमचा स्क्रीन रीडर एवढंच बोलतो, ‘इमेज’. पुराचा इशारा असो की ‘शुभ सकाळ’चं फूल, शब्द तोच.

आम्ही अंध माणसं, आमचे शिक्षक आणि सॉफ्टवेअर लिहिणारे मित्र मिळून जाहीर करतो की हे यापुढे चालवून घेणार नाही.

शाळेत नकाशा आला की आमच्यातल्या अनेकांना सांगितलं गेलं, ‘हा प्रश्न तू सोड.’ मायेनंच. त्या मायेत आलेख गेले, भूमिती गेली, पुढे विज्ञान शाखाही गेली. एका बाईंनी मात्र पुठ्ठ्यावर लोकरीचा सह्याद्री चिकटवला होता. पश्चिमेला बोट सरकवलं की लगेच समुद्राची वाळू लागायची. पूर्वेला कृष्णेची सुतळी लांबच लांब जायची. कोकणातल्या नद्या आखूड का, ते त्या दिवशी बोटांना कळलं.

तो एक पुठ्ठा करायला बाईंना आठवडा लागला. आता हे काम कृत्रिम बुद्धिमत्तेकडून करून घ्यायचं आहे. २०२३पासून ‘बी माय आइज’सारखं ॲप फोटोचं वर्णन करून सांगतं, आम्ही ते रोज वापरतो. पण पहिल्या वर्णनात काय यावं, हे दुसरंच कुणी ठरवतं. आम्हाला नकाशांना, आलेखांनाही नेमके प्रश्न विचारायचे आहेत: शेजारच्या जिल्ह्याचं काय? आलेखातली रेघ कोणत्या वर्षी खाली आली? आणि ती रेघ बोटाखालीही हवी. डोळा चित्र एकदम पाहतो, बोट तुकड्यातुकड्यानं. म्हणून गजबजलेला नकाशा यंत्रानं सुटा करावा, नद्या एका कागदावर, डोंगर दुसऱ्यावर. स्वेल पेपर नावाच्या खास कागदावर छापून उष्णता दिली की काळ्या रेषा फुगून वर येतात.

यंत्र चुकतं, आणि ठाम आवाजात चुकतं. पुसट आकडा मनानंच भरतं. आम्हाला तो ताडून पाहता येत नाही. म्हणून जे वाचता आलं नाही, ते त्यानं तसंच सांगावं. मूळ आकड्यांचा तक्ता सोबत हवा. तपासणाऱ्यांत अंध माणूस हवा, आणि त्याला त्या कामाचे पैसे मिळायला हवेत.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ सालचा आहे. आम्ही उपकार मागत नाही.

सुरुवात दहावीच्या भूगोलापासून. त्या पुस्तकातले भारत आणि ब्राझील, दोन्ही देशांचे सगळे नकाशे. संध्याकाळचा एक तास असेल तर या. डोळस असाल तर आकडे ताडायला, अंध असाल तर बोट कुठे अडतं ते सांगायला.